अकरा आकडे आणि डावीकडे

सकाळपासून तिसऱ्यांदा शिट्टी वाजली आणि कवळीवाल्यांच्या हातातली सुरी मेणात नको तिथे रुतली. एका सभ्य गृहस्थाची दाढ वाकडी झाली.

"आलो, आलो!" असं ओरडत ते बेडरूमकडे धावले.

शिट्टी त्यांच्या बायकोची होती. ती तलावावर पोहायला शिकवायची. बावीस वर्षं काठावर उभी राहून तिने शिट्टीच्या जोरावर निम्म्या गावाला पाण्यावर तरंगत ठेवलं होतं. पण पंधरवड्यापूर्वी ओल्या पायरीवरून तिचा स्वतःचाच पाय घसरला, घोट्याचं हाड मोडलं आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढलं. सहा आठवडे पलंगावरून उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. हाका मारून मारून चार दिवसांत घसा बसला, तेव्हा तिने पिशवीतून शिट्टी काढली. एक शिट्टी म्हणजे पाणी. दोन म्हणजे चष्मा, औषध, वर्तमानपत्र यांपैकी काहीतरी. आणि तीन म्हणजे काम काही नाही, नुसता ये.

कवळीवाले दाताच्या डॉक्टरांसाठी घरीच कवळ्या बनवत. बोळातून सरळ गेलं की डाव्या हाताला त्यांची कामाची खोली होती. तिथे बसून ते दिवसभर कोणाकोणाचे दात लावत असायचे आणि बायकोच्या शिट्टीसरशी उठत असायचे. हे आणखी महिनाभर चाललं असतं, पण त्या दिवशी दाराची बेल वाजली. दारात पाचव्या मजल्यावरचे कप्तान उभे होते.

कप्तान म्हणजे मालवाहू जहाजावरचे निवृत्त कप्तान. बरोबर डोक्यावरच्या घरात एकटे राहायचे. फारसं कोणाशी बोलायचे नाहीत, आणि बोलले तर मजल्यावरच्या सगळ्यांना ऐकू जायचं.

"तुमच्याकडे कोण जहाज चालवतंय?" त्यांनी विचारलं.

"जहाज? नाही हो. बायकोचा पाय मोडलाय. ती शिट्टी..."

"तीन आखूड शिट्ट्या म्हणजे जहाज मागे घेतोय. तीस वर्षं ऐकलंय मी ते. आता शिट्टी झाली की मी खुर्चीसकट मागे सरकतो. काल भिंत आली."

"माफ करा. बंद करतो."

"वहिनींना बरं वाटू दे," कप्तान एकदम मऊ आवाजात म्हणाले आणि निघून गेले.

शिट्टी बंद झाली. पण पाणी, चष्मा, औषध आणि वर्तमानपत्र यांचं काय करायचं हा प्रश्न राहिला. त्या संध्याकाळी कवळीवाल्यांनी माळ्यावरून लेकीची पेटी काढली. लेक शिकायला दूर गेली होती आणि तिचे प्लास्टिकचे ठोकळे मागे राहिले होते. त्यात एकमेकांत बसणारे ठोकळे होतेच, शिवाय भोकांच्या पट्ट्या, खुंट्या, दातेरी चाकं, दोन मोटारी, बॅटरीचा डबा आणि एक रिमोटही होता.

"काय करतोस?" बायकोने पलंगावरून विचारलं.

"तुझ्यासाठी ट्रक."

"मला पाणी हवंय, वाळू नकोय."

"पाणीच आणेल तो."

पहिला ट्रक एका दिवसात तयार झाला. मोटार थेट मागच्या चाकांना जोडलेली. बटण दाबल्याबरोबर तो सुटला, तो कपाटाच्या पायावर आपटूनच थांबला. म्हणजे थांबला असंही म्हणता येणार नाही, कारण थांबायला तो शिल्लकच नव्हता. त्याचे दोनशे तुकडे खोलीभर पसरले. त्यातला एक तिसऱ्या दिवशी बायकोच्या उशीच्या खोळीत सापडला.

"वेग कमी कर," ती म्हणाली. "पोरं पण आधी अशीच धडपडतात. हातपाय फार मारतात आणि जागच्या जागी बुडतात."

कवळीवाल्यांनी मग मोटारीला आठ दात्यांचं लहान चाक लावलं आणि त्याला चाळीस दात्यांचं मोठं चाक जोडलं. वेग पाचपट कमी झाला आणि ताकद तेवढीच वाढली. दिवसभर माणसांचे दात आणि संध्याकाळी चाकांचे दात, यातच ते बुडून गेले. दुसरा ट्रक भरलेला पेला घेऊन डौलात निघाला, पण बेडरूमच्या दोन बोटं उंचीच्या उंबऱ्याशी अडला. मोटार जोर लावत राहिली, चौकट मधोमध कमानीसारखी वाकली आणि ठोकळे चटचट उकलले. पाणी उंबऱ्यावर सांडलं.

त्यावर उपाय म्हणून नुसते ठोकळे एकमेकांवर न ठेवता त्यांना आडव्या-उभ्या पट्ट्यांनी जखडून, खुंट्या मारून टाकायचं ठरलं. मागे चाकांचे दोन आस, म्हणजे एकूण चाकं सहा. मागचे दोन्ही आस तराजूसारखे झुलते, म्हणजे एक चाक उंबऱ्यावर चढलं तरी दुसरं जमीन सोडणार नाही. दुसरी मोटार पुढची चाकं वळवायला. मागे लाल हौदा, त्याला लाल फाळका. बायको पलंगावर बसून एकेक तुकडा तपासत होती. "हा हौदा खोल कर, गोळ्यांची बाटली लवंडेल," असं ती म्हणाली की हौदा खोल व्हायचा. त्या आठ-दहा दिवसांत ती दोघं जेवढं बोलली, तेवढं गेल्या वर्षात बोलली नव्हती.

तिसरा ट्रक चालला. रिमोट बायकोच्या हाती आला. ट्रक रिकामा पाठवताना ती त्यात चिठ्ठी टाकायची: 'पाणी', 'चष्मा', 'पेपर. कालचा नव्हे.' पलंगावरून तिला बोळाचा फक्त तोंडाशीचा भाग दिसायचा, कामाची खोली दिसायची नाही. म्हणून तिने मापच बसवून घेतलं होतं. दारातून सरळ सोडायचा, अकरा आकडे मोजायचे, डावीकडे वळवायचा. ट्रक बरोबर कवळीवाल्यांच्या स्टुलापाशी येऊन उभा राहायचा. ते काम न थांबवता खाली हात घालायचे, चिठ्ठी वाचायचे, हवं ते ठेवायचे आणि ट्रक फिरवून द्यायचे. उठावं लागत नव्हतं. कामाचा खोळंबा नव्हता. एका शिट्टीची आणि दोन शिट्ट्यांची सगळी कामं ट्रकने उचलली. तीन शिट्ट्यांचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही.

त्यातच दुसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या बाईंची खालची कवळी तोंड धुताना हातातून निसटली आणि तिचे दोन तुकडे झाले.

मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. लग्न केलं नव्हतं, शाळाच केली होती. त्यांच्यासमोर बोलताना माणसं आपोआप पूर्ण वाक्यात बोलत. दाताच्या डॉक्टरांनी माप घेऊन काम कवळीवाल्यांकडे दिलं. ते कळल्यावर बाईंनी त्यांना बोलावून घेतलं, पण दार साखळीपुरतंच उघडलं आणि फटीतून एक कागद दिला. 'सव्वीस तारखेला पाच वाजता शाळेच्या पन्नासाव्या वर्षाच्या समारंभात माझे भाषण आहे. त्यात स, श आणि ष तिन्ही येणार आहेत. तोपर्यंत मी कोणाशी बोलणार नाही. कोणाला कळता कामा नये.' खाली सही होती आणि सहीखाली रेघ.

आठ दिवस बाई घराबाहेर पडल्या नाहीत. सातव्या दिवशी लिफ्टमध्ये कप्तानांनी कवळीवाल्यांना गाठलं. आधी बराच वेळ ते छताकडे बघत होते. मग म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावर सगळं ठीक आहे ना?"

"म्हणजे?"

"तीन वर्षं रोज साडेतीनला त्या वाचनालयात जातात आणि मी फिरायला जातो. लिफ्टमध्ये नमस्कार होतो. आठवडा झाला, नमस्कार नाही."

"ठीक आहेत हो. अगदी ठीक. म्हणजे मला काय माहीत? मला काहीच माहीत नाही," असं म्हणून कवळीवाले एक मजला आधीच उतरले.

सव्वीस तारखेला दुपारी अडीच वाजता कवळी तयार झाली. शेवटचं घासकाम करून चकाकी आणली, ती पांढऱ्या डबीत ठेवली, झाकणाला चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर सवयीने लिहिलं: 'दुसरा मजला. खालची.' म्हणजे खालची कवळी. वरची आणि खालची यांची गल्लत होऊ नये म्हणून ते प्रत्येक डबीवर असं लिहायचे.

"झाली का रे?" बेडरूममधून हाक आली. "दाखव की!"

"पाठवतो."

त्या दिवशी ट्रकला नवी चाकं होती. जुनी चाकं उंबऱ्यावर अजून थोडी अडखळायची, म्हणून कवळीवाल्यांनी जेवण झाल्यावर जवळजवळ दुप्पट मोठे टायर बसवले होते. उंबरा आता ट्रकच्या खिजगणतीतही नव्हता. चाक मोठं झालं की तेवढ्याच फेऱ्यांत ट्रक जास्त लांब जातो, ही साधी गोष्ट त्यांना ठाऊक होती. ती बायकोला सांगायची राहिली.

कवळीवाल्यांनी ट्रक बोळात बेडरूमकडे तोंड करून ठेवला आणि तो बेडरूममध्ये पोचला. बायकोने चिकटपट्टी हळूच सोडवून कवळी बघितली, "छान आहेत गं बाई," असं दातांनाच म्हणाली आणि डबी पुन्हा नीट बंद करून हौद्यात ठेवली. मग तिने चिठ्ठीचा कागद घेतला. पेन हातात धरून ती थोडा वेळ दाराकडे बघत राहिली. मग तिने भराभर काहीतरी लिहिलं, कागद डबीखाली खोचला, ट्रक बोळात सोडला आणि मोजायला सुरुवात केली.

नेमकी त्याच वेळी बेल वाजली होती. दवाखान्यांतून दातांचे साचे आणून देणारा माणूस आला होता. त्याने लिफ्टच्या दारात आपली भली मोठी पिशवी अडकवून ठेवली होती, म्हणजे लिफ्ट पळून जाऊ नये. कवळीवाल्यांनी दार उघडलं, खोका घेतला आणि सहीसाठी पेन शोधायला स्वयंपाकघरात गेले. साचेवाला दाराच्या चौकटीला टेकून मोबाईलमध्ये डोकं घालून उभा राहिला.

आत बायको मोजत होती. नऊ. दहा. अकरा. डावीकडे.

अकरा म्हणेपर्यंत मोठ्या चाकांचा ट्रक कामाची खोली मागे टाकून बोळाच्या टोकाला आला होता. तिथेही डावीकडे दारच होतं, पण ते घराचं. ट्रक वळला, साचेवाल्याच्या बुटाला घासून बाहेर पडला, लिफ्टच्या दारातली पिशवी एका चाकाने चढून उतरला आणि लिफ्टच्या मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. सही मिळाली. साचेवाल्याने मोबाईलमधून डोकं न काढताच पिशवी ओढून घेतली, "खालच्या मजल्यावर एक खोका द्यायचाय, जिन्यानेच जातो," म्हणाला आणि खाली गेला. लिफ्टचं दार मिटलं.

मग लिफ्ट वर गेली.

पाच मिनिटांनी कवळीवाल्यांनी हाक मारली, "अगं, पाठव की डबी! तीन वाजले."

"केव्हाच पाठवली!"

"इथे नाहीये!"

"अकरा मोजले मी!"

कवळीवाले बोळात आले. बोळ रिकामा होता. त्यांनी घराच्या दाराकडे बघितलं, मग टायर आठवले.

"टायर!" ते भिंतीला म्हणाले.

"काय टायर?"

"मोठे लावले! तुला सांगायचं राहिलं!"

"दात पळवलेस तू बाईंचे!" बायको आतून ओरडली. "पाच वाजता भाषण आहे त्यांचं! धाव!"

कवळीवाले धावले. घाबरलेला माणूस आधी खाली धावतो, तसे तेही खाली धावले. तिसऱ्या मजल्यावर एक शिंपीणबाई कापड वाळत घालत होत्या.

"इकडे ट्रक आला का?"

"तिसऱ्या मजल्यावर?"

"लहान आहे हो. लाल. सहा चाकी."

"काय होतं त्यात?"

"काही नाही. म्हणजे, दात नव्हते," कवळीवाले म्हणाले आणि पुढे पळाले. शिंपीणबाई कापड तसंच धरून बराच वेळ उभ्या होत्या.

तळमजल्यावर रखवालदार होता. कर्तव्याला फार जागणारा माणूस. कवळीवाल्यांनी धापा टाकत त्याला एवढंच सांगितलं, "ट्रक गेलाय. लाल. सहा चाकी. बाहेर जाऊ देऊ नका. आत फार नाजूक माल आहे." आणि ते पायऱ्यांखाली, कुंड्यांमागे, झाडूच्या कपाटात शोधायला लागले. रखवालदाराने पट्टा आवळला. दोनच मिनिटांत फाटकाशी जोराचे ब्रेक लागले. बाहेर पडणाऱ्या एका खऱ्याखुऱ्या लाल ट्रकपुढे तो दोन्ही हात पसरून उभा होता.

"उतरा खाली!"

"का? कपाट पोचवून चाललोय. रिकामी आहे गाडी," चालक म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात. नाजूक माल काढा."

"कसला माल?"

"अहो काका!" रखवालदाराने ओरडून विचारलं. "काय आहे म्हणालात ट्रकमध्ये?"

कवळीवाले झाडूच्या कपाटातून बाहेर आले. त्यांना बाईंची सहीखालची रेघ आठवली. "ते सांगता येणार नाही," ते म्हणाले.

चालक खाली उतरला. त्याचे दंड बघून कवळीवाल्यांना हा ट्रक आपला नसल्याचं सांगायची घाई झाली. "तो एवढासा आहे हो," त्यांनी हातांनी वीतभर जागा दाखवली. "खेळण्यातला. म्हणजे खेळण्यातला नाही, पण ठोकळ्यांचा."

चालकाने त्यांच्याकडे बघितलं, रखवालदाराकडे बघितलं, आणि एक अक्षरही न बोलता गाडीत चढून निघून गेला. ते अक्षर तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं दोघांनाही वाटलं.

इकडे पाचव्या मजल्यावर काय झालं ते असं. कप्तानांनी खाली जायला लिफ्ट बोलावली होती. दार उघडलं तर आत एक लाल ट्रक, त्यांच्याकडे पाठ करून. हौद्यात पांढरी डबी. डबीवर लिहिलेलं: 'दुसरा मजला. खालची.' खाली चिठ्ठी.

कप्तानांनी चिठ्ठी काढली. 'वाट बघून कंटाळा आला. आता तरी ये. येताना काहितरी गोड आण.'

त्यांनी ती दोनदा वाचली. मग ट्रक उचलून घरात नेला, खुर्चीत बसले आणि तिसऱ्यांदा वाचली. दुसरा मजला. खालची. म्हणजे खाली राहणारी. म्हणजे सहीच झाली की. बाईंनी आपल्याला चिठ्ठी पाठवली. आणि 'ये' म्हटलंय. 'या' नाही, 'ये'! तीन वर्षांत नमस्कारापलीकडे एक शब्द नाही आणि एकदम 'ये'! गेल्या आठवड्यात दिसल्या नाहीत त्या याच विचारात असणार. आपण मात्र लिफ्टमध्ये उभे राहून छताकडे बघत बसलो.

डबी त्यांनी उघडली नाही. बंद माल मुक्कामाला पोचेपर्यंत उघडायचा नाही, हा आयुष्यभराचा नियम होता. भेट दिलीच आहे तर ती त्यांच्यासमोर उघडू, असं ठरवून ते उठले. दाढी केली. पांढरा सदरा घातला. गोड म्हणून फडताळात पाकातल्या अननसाचा एक डबा निघाला. ट्रक काखेत, डबी खिशात आणि अननस हातात घेऊन कप्तान जिन्याने निघाले. लिफ्टमध्ये आरसा होता आणि त्यांना त्यात बघायची हिंमत नव्हती.

कवळीवाले शेवटी कबुली द्यायला दुसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते आणि बाईंचं दार सताड उघडं होतं; कवळी आली असं समजून त्यांनी साखळी काढली असावी. आत बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, तोंडावर रुमाल धरून. समोर कप्तान उभे होते. टेबलावर ट्रक आणि अननसाचा डबा होता. कप्तान खिशातून पांढरी डबी काढत होते.

"तुम्ही काही बोलू नका," कप्तान बाईंना सांगत होते. "मला समजतंय. असल्या वेळी शब्द सुचत नाहीत. मीसुद्धा जिन्यात सगळं ठरवून आलो होतो, ते सगळं विसरलो. आधी हे उघडतो." त्यांचं नख चिकटपट्टीखाली गेलं.

"उघडू नका!" कवळीवाले दारातून किंचाळले.

कप्तान वळले. "का?"

"ते... ते उघडलं की बिघडतं."

"काय आहे यात?"

बाई उठल्या. एका हाताने रुमाल धरून, दुसरा हात पुढे करून त्यांनी कप्तानांच्या हातातून डबी अशी काढून घेतली, जशी वर्गात चिंचा काढून घेत असतील. आतल्या खोलीत गेल्या. दार लावलं.

बाहेर दोघं पुरुष उभे राहिले.

"रागावल्या का?" कप्तानांनी हळू विचारलं.

"माहीत नाही."

"मी काही आगाऊपणा केला नाही. त्यांनीच बोलावलं. बघा." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. दाखवावी की नाही असं त्यांना क्षणभर वाटलं, पण त्यांना साक्षीदार हवा होता.

कवळीवाल्यांनी चिठ्ठी वाचली. अक्षर बायकोचं होतं. ओळी तीनच होत्या, पण त्यांनी त्या फार सावकाश वाचल्या. त्यांना आठवलं, आज सकाळी पाणी ट्रकने गेलं होतं. गोळ्या ट्रकने गेल्या होत्या. जेवणाचं ताट ते स्वतः घेऊन गेले होते खरे, पण ठेवून लगेच वळले होते, कारण चकाकी राहिली होती. त्याआधी कधी पलंगावर बसलो होतो? तिसरा ट्रक तयार झाला त्या दिवशी. त्याला किती दिवस झाले, हे त्यांना मोजता येईना.

आतलं दार उघडलं. बाई बाहेर आल्या. रुमाल नव्हता. त्या आपल्या खुर्चीपाशी आल्या, कप्तानांकडे बघितलं आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बसा ना. उभे का?"

कप्तान बसले. "ही चिठ्ठी," त्यांनी कागद पुढे केला, "तुम्हीच लिहिलीत ना?"

बाईंनी चिठ्ठी वाचली. एकदा कवळीवाल्यांकडे बघितलं. त्या नजरेखाली कवळीवाले पुन्हा चौथीत जाऊन बसले. पस्तीस वर्षं या बाईंनी 'खरं बोला' असं शिकवलं होतं, आणि नुसतं शिकवलं नव्हतं, अंगठे धरायला लावून शिकवलं होतं.

"हो," बाई म्हणाल्या. "मीच लिहिली."

कप्तानांचा चेहरा असा झाला की कवळीवाल्यांना दुसरीकडे बघावं लागलं.

"पाचला शाळेत माझं भाषण आहे," बाई पुढे म्हणाल्या. "तुम्हाला वेळ असेल तर बरोबर या. आधी अननस खाऊ. डबा फोडायचं हत्यार स्वयंपाकघरात डावीकडच्या खणात आहे."

कप्तान आत गेले. खणांची उघडझाप ऐकू यायला लागली. बाईंनी आवाज उतरवला.

"तुमच्याकडची ना चिठ्ठी?"

"हो. बायकोची. बाई, माझं फार चुकलं. टायर..."

"'काहीतरी'मधला 'ही' दीर्घ असतो, एवढं तिला सांगा. ती चूक आता जन्मभर माझ्या नावावर राहणार."

"मग तुम्ही खरं का नाही सांगितलं?"

स्वयंपाकघरातून काहीतरी पडल्याचा आणि पाठोपाठ "काही नाही, काही नाही!" असा आवाज आला.

"दाढी केलीय त्यांनी," बाई म्हणाल्या. "दुपारी तीन वाजता. हनुवटीला कापलंय."

कवळीवाल्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं.

"आणि चिठ्ठी मुळात कोणाला होती?" बाईंनी विचारलं.

"मला."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

कवळीवाले निघाले. ते दारापर्यंत गेल्यावर बाईंनी त्यांना परत बोलावलं, कप्तानांनी नुकत्याच फोडलेल्या डब्यातल्या दोन फोडी वाटीत घातल्या, वर थोडा पाक ओतला आणि चमचा ठेवून वाटी त्यांच्या हातात दिली. "सांडू नका," म्हणाल्या.

दोन मजले ते वाटीकडे बघत चढले.

बायको पलंगावर उशीला टेकून बसली होती. रिमोट अजून तिच्या हातात होता आणि ती अधूनमधून एक बटण दाबून बघत होती.

"सापडला का?"

"सापडला."

"आणि दात?"

"बसले. अगदी नीट बसले. पण दात घातल्यावर तिसऱ्याच वाक्याला त्या खोटं बोलल्या."

"मोठ्या बाई?" तिला हसावं की घाबरावं ते कळेना. "काय बोलल्या?"

"सांगतो." त्यांनी पलंगाच्या कडेवरची वर्तमानपत्रं, गोळ्यांची बाटली आणि चष्म्याचं घर उचलून टेबलावर ठेवलं. "सरक थोडी."

तिने दोन्ही हातांनी प्लास्टरचा पाय उचलून पलीकडे ठेवला आणि जागा केली. ते बसले. तिने वाटीत बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं.

"ट्रक कुठाय?" तिने विचारलं.

कवळीवाल्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. ट्रक बाईंच्या टेबलावर राहिला होता. इतके दिवस ठोकळा ठोकळा जोडून केलेला, आणि निघताना त्यांना तो दिसलाही नव्हता.

"राहिला खाली."

"आणायला जातोस?"

"नको," ते म्हणाले. "राहू दे आज."

तिने रिमोट उशीखाली सारला आणि चमच्याने अननसाची फोड मधोमध कापली.

"एकच चमचा आणलास?"

"एकच दिला."

"बरं," ती म्हणाली, आणि पहिला घास तिने त्यांच्यापुढे धरला.